उजव्या कफावरची शाई

मी आता जे सांगणार आहे त्यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही, आणि बसलाच तर मला त्या माणसाची काळजी वाटेल. पण माझी आई शर्ट वाचायची. आपण पेपर वाचतो तसा. अक्षरओळख तिला नव्हती, सहीच्या जागी अंगठा उठवायची. पण कुणाचाही मळका शर्ट तिच्यापुढे टाका, ती तो उजेडात धरायची, उलटा करायची, कॉलरवरून बोट फिरवायची आणि त्या माणसाचा सबंध आठवडा सांगून मोकळी व्हायची.

हे सांगायची वेळ आली ती माझ्या नातीमुळे. कॉलेजचं पहिलं सत्र संपवून ती परवा घरी आली. चार महिने फोनवर 'मी मस्त आहे आजोबा' याखेरीज दुसरं वाक्य नाही, आणि आली ती कपड्यांनी फुगलेली बॅग आणि डोळ्यांखाली काळी वर्तुळं घेऊन. तिच्या आईने एक प्रश्न विचारला की ही एक दार आपटायची. घरातली दारं संपत आली तेव्हा मी तिला कपडे वाळत घालायला म्हणून गच्चीवर नेलं आणि म्हटलं, "बस इथे. एक गंमत सांगतो."

माझी थोरली बहीणही तिथेच होती. सावलीत खुर्ची टाकून वाळलेल्या टॉवेलांच्या घड्या घालत होती. ताईने ऐंशी ओलांडली आहे. कानाने कमी, अशी निदान माझी समजूत होती.

तर आईची लाँड्री. रस्त्याच्या वळणावर दोन खोल्या. मागे भट्टी, पुढे इस्त्रीचं टेबल. वडील मी लहान असतानाच गेले, तेव्हापासून दुकान आईने ओढलं आणि ताई तिच्या हाताखाली. गिऱ्हाइकं आईला टरकून असायची. मुख्याध्यापकांचा शर्ट हातात घेऊन तिने भर दुकानात विचारलं होतं, "सर, डॉक्टरांनी गोड बंद केलंय ना तुमचं? मग डाव्या खिशात साखर कशी?" मुख्याध्यापकांच्या मागे त्यांची बायको उभी होती. पुढचे तीन महिने ते शर्ट घरीच धूत होते. एकदा तर खुद्द फौजदार एक पायजमा घेऊन आले. चोरी झालेल्या घराच्या खिडकीत अडकून फाटलेला. आईने गुडघे पाहिले, नाडी हुंगली आणि म्हणाली, "साहेब, चोर बाहेरचा नाही. घरच्याच कपाटातल्या डांबरगोळ्यांचा वास येतोय." फौजदारांनी तिथल्या तिथे घरमालकाला धरलं.

"काहीही!" नात म्हणाली.

"ताईला विचार."

ताईने मान वर न करता टॉवेल झटकला. "पायजमा आला होता," ती म्हणाली.

"ऐकलंस?" मी म्हटलं आणि पुढे निघालो.

मला कॉलेजात प्रवेश मिळाला तो दीडशे मैलांवर. आमच्या घराण्यात हॉस्टेलवर राहणारा मी पहिला. आईने एकच अट घातली: कपडे तिथे धुवायचे नाहीत. शुक्रवारी मळके कपडे पिशवीत भरून आमच्या गावच्या बसच्या कंडक्टरकडे द्यायचे, सोमवारी तो धुतलेले आणून देईल. ताई कार्ड लिहायची, पण आईचा कागदावर काडीचा भरवसा नव्हता. म्हणायची, "कागदावर काय, तो बसला तिकडे मनाला येईल ते लिहील. कपडा मला खरं सांगतो."

आता पहिला दिवस ऐक. प्राध्यापकांनी फळाभर एक आकृती काढली आणि विचारलं, "कुणाला समजलं नाही?" एकशेदहा मुलांत मी एकट्याने हात वर केला. मी डावखुरा, त्यामुळे वर गेला तो डावा. प्राध्यापक म्हणाले, "निदान हात तरी उजवा वर कर." वर्ग हसला. असा हसला की खिडकीच्या काचा थरथरल्या, दोन निखळल्या, एक शिपाई जखमी झाला.

"आजोबा."

"बरं, जखमी नाही. खरचटलं."

दुसऱ्या दिवशी मी उठलोच नाही. तिसऱ्या दिवशी फाटकापर्यंत गेलो आणि वळलो तो थेट बसस्थानकावर. तिथे आमच्या गावची गाडी लागायची त्या फलाटावर एक लोखंडी बाक होता. त्या बाकावर मी माझं पहिलं सत्र केलं. गाडी आली की उठायचो, एक पाय पायरीवर ठेवायचो आणि काढून घ्यायचो. कंडक्टर म्हणायचा, "येतोस की नाही, एकदा काय ते ठरव बाबा." मी म्हणायचो, "पिशवी शुक्रवारी देतो." गाडी गेली की पुन्हा बाक. घरी परत जायचं तर आईला काय सांगणार? आणि वर्गात जायचं तर ते हसणं.

नातीने पाय जवळ ओढून घेतले. हनुवटी गुडघ्यावर टेकवली.

इथे एक गोष्ट मी हसत सांगत नाही. आमच्या लाँड्रीत हॉस्पिटलच्या चादरी घेत नसत. ओल्या झाल्या की दोघींना उचलायला जड, आणि त्यांच्यावर जे असतं ते वाचायला आईला नको वाटायचं. एकदा एक चादर हातात घेऊन ती अर्धा दिवस बसून राहिली होती, म्हणून बंद केल्या होत्या. माझं कॉलेज ठरलं त्याच आठवड्यात तिने हॉस्पिटलला होकार कळवला. म्हणजे मी बाकावर बसून बसच्या काचा मोजत होतो तेव्हा ती त्या चादरी वाचत होती.

तिसऱ्या सोमवारी कपड्यांबरोबर ताईचं कार्ड आलं. 'आई विचारते की कॉलरला घाम आहे पण कफाला शाई का नाही? वर्गात लिहीत नाहीस का? आणि पाठीवर गंजाच्या आडव्या रेघा कसल्या?'

मी उलट टपाली कळवलं की इथले बाक लोखंडी आहेत आणि शाई उत्तम प्रतीची आहे, सांडत नाही. कळवलं खरं, पण ती कागदावर विश्वास ठेवणार नाही हे मला माहीत होतं. तेव्हा मी शर्टावरच लिहायला घेतलं.

शुक्रवारी सकाळी दौत उघडून बसायचो. डावखुऱ्या माणसाचा हात ओल्या अक्षरांवरून घासत जातो, म्हणून डावा कफ करंगळीच्या बाजूने निळा होतो. तस्सा करायचो. मग त्यात माझा हात बसला. गणिताची शाई बारीक ठिपक्यांची, इतिहासाची लांब फराट्यांची, रसायनशास्त्राला जरा पिवळट झाक. खांद्यावर खडूची भुकटी, कोपराला बाकाची झिलई. चाचणी परीक्षेच्या आठवड्यात मैदानाला अकरा फेऱ्या मारून काखेत घाबरल्याचा घाम आणला. माझी कीर्ती पसरली. वरच्या मजल्यावरची मुलं आपले शर्ट घेऊन येऊ लागली, "मला जरा नापास होता होता वाचल्यासारखा करून दे."

माझ्या खोलीत एक सहा फूट आठ इंचांचा मुलगा होता. त्याला सगळे खांब म्हणायचे. झोपला की त्याचे पाय खिडकीतून बाहेर जायचे आणि त्यावर कबुतरं बसायची. तो एकदा माझं काम बघत बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "अरे, एवढ्या वेळात तू दोन तास करून आला असतास." बरोबरच बोलला. म्हणूनच मी त्याच्याशी आठवडाभर अबोला धरला.

मग ते कार्ड आलं. 'आई तुझे दोन शर्ट दुकानाच्या दाराशी टांगून ठेवते, कफ रस्त्याकडे करून. बाकी सगळ्यांचे डाग काढते, तुझी शाई तेवढी ठेवते. येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून दाखवते. तेवढं बघितलं की चादरी हलक्या लागतात म्हणते.'

ते वाचून मला दोन दिवस घास गिळवला नाही. तिसऱ्या दिवशी गिळवला, पण तो चोरून खाल्ल्यासारखा. ठरवलं की हा शेवटचा शुक्रवार; सोमवारपासून वर्गात. असे पाच शेवटचे शुक्रवार झाले.

सहाव्या शुक्रवारी उठायला उशीर झाला. शर्ट अंगात न घालता, टेबलावर पसरूनच घाईघाईने शाई लावली. पिशवी दिली, बस गेली. परत येऊन मेसच्या वहीत सही करायला पेन उचललं आणि माझा हात हवेतच राहिला. पेन डाव्या हातात होतं. सकाळी शर्ट टेबलावर माझ्याकडे तोंड करून पडला होता. माझ्या डाव्या बाजूला आलेला कफ शर्टाचा उजवा होता.

मी धावलो. बसच्या मागे नऊ मैल धावलो...

"नऊ?"

"फाटकापर्यंत. पण छाती नऊ मैलांची झाली होती. आणि आईला काय, मी पाळण्यातला होतो तेव्हापासून खुळखुळा कुठल्या हातात धरायचो ते पाठ होतं."

सोमवारी पिशवी आली. ते दाराशी टांगलेले दोन शर्टही त्यात होते. सगळे पांढरेशुभ्र. आठवडे न् आठवडे जपलेली शाई घासून काढलेली. एका कफाचं तर कापड विरलं होतं. कार्ड नव्हतं.

बोलली असती, शिव्या घातल्या असत्या, तर मी बसमध्ये चढलो असतो. पण त्या कोऱ्या कफांना उत्तर कुठून देणार? मंगळवारी मी वर्गात गेलो. पहिल्या बाकावर बसलो. प्राध्यापकांनी विचारलं, "तुम्ही कोण? तपासणीला आलात का?" वर्ग पुन्हा हसला. मी लिहीत राहिलो. समजत काही नव्हतं, पण लिहीत राहिलो. आणि शुक्रवारी डाव्या कफाला शाई होती. खरी.

आणि तिथे माझी पाचावर धारण बसली. खरी शाई आणि खोटी शाई, दौत एकच! आईला कळणार कसं? तरी शर्ट पाठवला. तो धुऊन कोरा परत आला. पुढचा पाठवला, तोही कोरा. चार आठवडे मी जीव तोडून लिहिलं, आणि चार आठवडे ते सगळं पुसून परत येत होतं. वर्गात लिहिताना डोक्यात आकृती नसायची, एवढंच असायचं: ही तरी तिला खरी वाटेल का?

"मग?" नात म्हणाली. "वाटली?"

मी दोरीवरचा एक कफ सरळ केला.

"परीक्षेच्या आदल्या दिवशी आई आली," मी म्हणालो. "बसने, एकटी, लाँड्रीचा ॲप्रन तसाच अंगावर. वर्गाच्या खिडकीशी उभी राहिली. मी लिहीत होतो, मला पत्ताच नाही. तशी आत आली ती थेट माझ्यापाशी. माझा डावा हात धरला, कफ उजेडात नेला, बोट फिरवलं. एकशेदहा मुलं माना उंचावून बघतायत. आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, 'ही खरी.' प्राध्यापक उठून उभे राहिले गं! मग तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, 'झालं ते धुतलं गेलं, बाळा.'"

नातीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "असं म्हणाल्या?"

"शब्द न् शब्द."

"खोटं," ताई म्हणाली.

इतकं स्पष्ट, की मला वाटलं गच्चीवर आणखी कुणीतरी आहे. तिच्या हातातला टॉवेल अर्धाच दुमडलेला होता.

"आई त्या वर्षी दुकान सोडून कुठेही गेली नाही. उजवा कफ बघितला, दाराशी टांगलेले शर्ट काढले, सगळे स्वतः घासले आणि पिशवी माझ्याकडे ढकलली. म्हणाली, 'याचे इथून पुढे तूच धू.' त्यानंतर तुझ्या शर्टाला तिने हात लावला नाही. तुझी खरी शाई काढली ती मी. मला कुठे शर्ट वाचता येतात? मला वाटलं, डाग आहे."