अण्णांनी सोडलेला खटला

१९५५ सालच्या चैत्रात सुनंदा आणि श्रीपाद बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातलं दोन खोल्यांचं बिऱ्हाड सोडून अंबरनाथला कारखान्याच्या बंगल्यात राहायला आले. श्रीपाद रंगाच्या कारखान्यात स्टोअर्समध्ये होता. बंगले मिळायचे ते वरच्या अधिकाऱ्यांना, आणि श्रीपादच्या आधी कितीतरी जण वाट पाहत होते. "शेवटी कामाची कदर झाली," तो म्हणाला. सुनंदालाही ते खरं वाटलं. घरातला नळ सोडून ती उगाचच पाण्याखाली हात धरून उभी राहायची.

मग एका दुपारी मॅनेजरसाहेबांची बायको, वृंदाबाई, हळदीकुंकवाला आली. पन्हं पिता पिता म्हणाली, "तुमचे भाऊ दिल्लीला सुप्रीम कोर्टात आहेत ना? आमच्या कामगारांचा खटला त्यांच्यापुढेच होता. सुनावणी संपली परवा. निकाल सुट्टीनंतर लागेल म्हणे." पेला खाली ठेवून तिने हसून विचारलं, "बंगला आवडला ना?"

सुनंदाला त्या हसण्याचा अर्थ लागायला थोडा वेळ लागला. लागला तेव्हा तिला घरात बसवेना.

खटला तिला माहीत होता. मागच्या संपानंतर कंपनीने चाळीसेक कामगारांना काढून टाकलं होतं. त्यांना परत घ्या, असा हुकूम झाला, तेव्हा कंपनी दिल्लीला अपिलात गेली. हेंद्रेपाड्यात तिच्या भिंतीला भिंत लावून राहणारा महिपती त्या चाळीसांतलाच. पण अपील अण्णांपुढे आहे, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. श्यामकांतअण्णा कोर्टातलं एक अक्षर घरी बोलत नसत.

दुसऱ्या दिवशी ती बदलापूरला गेली. महिपती अंगणात खाट विणत बसला होता. त्याची बायको कौसाबाई पाणी घेऊन आली.

"महिपती, तुम्हाला ठाऊक होतं? खटला आमच्या अण्णांपुढे आहे ते?"

"ठावं व्हतं, ताई."

"मग मला कधी बोलला नाहीत!"

"बोलून काय? तुमी भावाकडं शब्द टाकनार. तसला न्याय मिळाला तर तोंड कुठं लपवू?" त्याने सुंभ ओढून घेतला. "माजी बाजू खरी हाय. तेवढं पुरं."

परतताना तिच्या डोक्यात तेच घोळत राहिलं. ज्याची भाकरी गेली त्याने एक शब्द टाकला नाही. आणि कंपनीनेही शब्द टाकला नव्हता; नुसती किल्ली हातात दिली होती.

संध्याकाळी श्रीपाद घरी आला तेव्हा ती म्हणाली, "आपण बंगला परत करू."

"कशासाठी? मी चोरी केलीय?"

"अण्णांमुळे मिळालाय तो."

श्रीपादचा चेहरा पडला. "म्हणजे माझी इतक्या वर्षांची नोकरी काहीच नाही? तुझा भाऊ नसता तर मी कोणीच नाही, असंच ना?" तो बाहेर जाऊन फाटकाशी उभा राहिला. ती ओट्याशी गेली, परत बाहेर आली, पुन्हा आत गेली. कदाचित तो म्हणतो ते खरंही असेल. ते कळायचं कसं?

कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि अण्णा आठ दिवस राहायला येणार असल्याचं कळलं. त्यांना बंगल्यात पाऊल ठेवू द्यायचं नाही, एवढंच सुनंदाने ठरवलं. ती एकटीच कल्याण स्टेशनवर गेली आणि अण्णा गाडीतून उतरताच त्यांना वेटिंग रूममध्ये घेऊन गेली. अण्णा होल्डऑलवर हात ठेवून ऐकत राहिले.

"श्रीपादची नोकरी मी पहिल्याच दिवशी दोन्ही वकिलांना सांगितली होती. बंगल्याचं हे सुनावणीच्या आधी कळायला हवं होतं," ते शेवटी म्हणाले.

"मलाच माहीत नव्हतं हो. आता काय करणार?"

"खटला सोडावा लागेल. पुन्हा दुसऱ्यांपुढे सुनावणी होईल."

"पुन्हा? अहो, ती माणसं आधीच किती दिवस घरी बसलीत! असा नियम आहे का कुठे?"

"कुठेच नाही. लिहिलेला असता तर बरं झालं असतं, त्याच्याकडे बोट दाखवता आलं असतं." अण्णांनी चष्मा काढून डोळे पुसले. "जिल्ह्याचा न्यायाधीश चुकला तर वर हायकोर्ट आहे. आम्ही चुकलो तर लोकांनी कोणाकडे जायचं?"

"पण तुम्ही चुकला नाहीत ना! तुम्हाला बंगल्याचं माहीतसुद्धा नव्हतं."

"आता माहीत झालंय."

ते अंबरनाथला आलेच नाहीत. तिथूनच पुण्याला गेले.

सुट्टी संपल्यावर अण्णांनी भर कोर्टात सगळं सांगितलं. मेहुण्याचं नावही घेतलं. कामगारांचे वकील म्हणाले, आमची हरकत नाही, आपणच निकाल द्या. कंपनीचे वकीलही तेच म्हणाले. अण्णा तरीही बाजूला झाले. बातमी वर्तमानपत्रात आली आणि कारखान्यात माणसं श्रीपादला पाहून बोलणं थांबवू लागली. त्याने आपणहून किल्ली परत केली. हेंद्रेपाड्यातल्या जुन्या खोल्या सुदैवाने अजून रिकाम्या होत्या. पुष्कळ दिवस तो सुनंदाशी कामापुरतंच बोलत असे.

भिंतीपलीकडून कौसाबाईनेही बोलणं सोडलं. महिपती कल्याणजवळच्या निर्वासितांच्या कॅम्प नंबर तीनमध्ये एका सिंध्याच्या कारखान्यात बिस्किटांच्या भट्टीवर जाऊ लागला होता. सुनंदा त्याला जाता-येताना पाहायची. बोलायचं म्हणून दारापर्यंत यायची आणि मागे फिरायची.

दुसऱ्या न्यायाधीशांनी निकाल दिला तो पुढच्या वर्षीच्या दिवाळीनंतर. कामगारांना परत घ्यायचं, पण मधल्या काळाचा पगार नाही. त्या दिवशी महिपती स्वतः सुनंदाच्या दारात आला.

"परत घेतलं आमाला, ताई. सोमवारपासून जायाचं."

"बसा ना. महिपती, मी अण्णांना सांगितलं नसतं तर..."

"तर कधीच निकाल लागला असता. पगारबी मिळाला असता, कुनी सांगावं." त्याच्या आवाजात चीड होती आणि त्याने ती लपवली नाही. "आमचा वकील म्हनत व्हता, चालंल. मग तुमच्या भावाला का चालंना?"

"त्यांना वाटलं, उद्या कोणी म्हणेल..."

"कोन म्हननार व्हतं? आमी? कंपनी?" तो थांबला. डोक्यावरची टोपी काढून त्याने घाम पुसला. "नाय, कंपनी म्हनली असती. हरली असती तर तोच बंगला पुढं करून म्हनली असती."

मग तो दाराबाहेरच्या ओट्यावर बसला. सुनंदाने चहा टाकला. पलीकडे कौसाबाईची भांडी वाजत होती. तिला हाक मारावी की मारू नये, हे सुनंदाला ठरवता येईना. ती चूल आणि दार यांच्यामध्ये तशीच घुटमळत राहिली.