कुणाचा आठवडा

"ही लांबी मला बुटकी दाखवतेय," कोरिन कुरकुरली. "आणि हा वरचा दिवा बघ. याच्याखाली विशीतली पोरगीसुद्धा साठीची दिसेल."

मी गुडघ्यांवर बसले होते, तोंडात चार टाचण्या. कोर्टातलं बायकांचं स्वच्छतागृह, सकाळचे सव्वाआठ. तिच्या राखाडी स्कर्टची दुमड मी दोन बोटं वर घेत होते. तिनं मला दारात बघितलं आणि म्हणाली, "बरं झालं आलीस, एल्वा. सुई आहे ना पर्समध्ये?" होतीच. सव्वीस वर्षं कपडेपट सांभाळलेल्या बाईच्या पर्समध्ये एक वेळ लिपस्टिक नसेल, सुईदोरा असतो.

मी कोर्टात कशाला आले, हे तिनं विचारलं नाही. जिथं ती कपडे घालून उभी आहे तिथं मी असणारच, असं तिला वाटलं असावं.

तिची मुलगी शेल्बी, वय पंधरा, बाहेर बाकावर बसली होती. साडेआठ वाजता ती न्यायाधीशांना सांगणार होती की मला आईबापांपासून कायद्यानं मोकळं करा. आणि जिच्या स्कर्टला मी टाचण्या लावत होते त्या तिच्या आईला हे ठाऊक नव्हतं की मुलगी गेले चौदा महिने माझ्या घरी राहते आहे.

तोंडात टाचण्या असल्या की एक बरं असतं. बोलावं लागत नाही.

मी जिचे कपडे बघते त्या टीव्ही मालिकेतलं कुटुंब अमेरिकाभर ओळखीचं होतं. विनोदी बाप, समंजस आई, तीन मुलं, एक कुत्रा, पिवळं स्वयंपाकघर. शेल्बी त्यात मधल्या मुलीचं काम करायची. खरी आई कोरिन व्हास्को ही एके काळी दुपारच्या मालिकांमधली खलनायिका. एकाच मालिकेत तीनदा मेली आणि दोनदा परत आली. बाप डेल हॅस्किन बक्षिसांच्या कार्यक्रमाचा सूत्रधार. फ्रिजकडे हात करावा तर त्यानंच, बघणाऱ्याला वाटावं की आपल्या घरी आजवर फ्रिजच नव्हता. शेल्बी आठ वर्षांची असताना दोघं वेगळे झाले. कोर्टानं मुलीची वाटणी केली: एक आठवडा आईचा, एक बापाचा, शुक्रवारी अदलाबदल. एकमेकांशी ते फक्त वकिलांच्या पत्रांतून बोलत.

शुक्रवार म्हणजे आमच्याकडे प्रेक्षकांसमोर चित्रीकरणाचा दिवस. दोघंही न चुकता येत, कारण न आलेल्याचं नाव खराब झालं असतं. कोरिन डाव्या टोकाला, डेल उजव्या टोकाला, मध्ये ओहायोहून आलेले अडीचशे पर्यटक. काम संपलं की आधी एक खाली उतरायचा, मग दुसरा. मिठी, फोटो, "आज काय केलंस गं राणी, तोड नाही." मग ज्याचा आठवडा असेल तो तिला घेऊन जायचा.

मागच्या वर्षी जूनमध्ये डेलच्या घरी तिसऱ्या बायकोला जुळी झाली. त्यानं वकिलाकरवी कळवलं, तूर्त शेल्बीला तिकडेच ठेवा. त्याच आठवड्यात कोरिनला एक मोठी भूमिका मिळेलसं वाटत होतं, घरात शांतता हवी होती. तिनंही वकिलाकरवी कळवलं, तूर्त शेल्बीला तिकडेच ठेवा. दोन्ही पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली आणि समोरच्या वकिलाच्या फायलीत न वाचता पडून राहिली. उत्तर कुणालाच आलं नाही. आमच्या धंद्यात उत्तर न येणं म्हणजे नकार, हे शेंबडं पोरही जाणतं. या दोघांनी जन्मात पहिल्यांदाच त्याचा अर्थ होकार घेतला.

त्या शुक्रवारी मिठ्या झाल्या, फोटो झाले. कोरिन डाव्या दारानं गेली, डेल उजव्या दारानं. शेल्बी माझ्या इस्त्रीच्या टेबलावर पाय हलवत बसली, मांडीवर पिशवी.

"कुणाचा आठवडा आज?" मी विचारलं.

"आईचा." मग थोड्या वेळानं, "नाही, बाबांचा असेल."

मी सगळे कपडे टांगले, बटणं लावली, मोज्यांच्या जोड्यासुद्धा लावून झाल्या. कुणी आलं नाही. मग मी तिला माझ्या गाडीतून बर्बँकला घरी नेलं. माझा मुलगा नौदलात गेल्यापासून मागची खोली रिकामीच होती. घेवडा आणि अंडी केली, टॉर्टिया, म्हणजे आमच्या मक्याच्या पोळ्या, भाजल्या. तिनं पाच खाल्ल्या.

"सोमवारी कळेल कुणाला तरी, मिहा," मी म्हणाले. माझी आई मला मिहा म्हणायची, म्हणजे बाळा. तोंडातून आपोआप गेलं.

सोमवारी कुणालाच कळलं नाही.

मी फोन केले नाहीत असं नाही. कोरिनकडे निरोप घेणारं यंत्र बोललं. डेलच्या सेक्रेटरीनं सांगितलं, "ती आईकडे असते हो. कपड्यांचं काही असेल तर निर्मात्यांशी बोला." पुढच्या शुक्रवारी मी सरळ कोरिनकडे निघाले, तर शेल्बीनं माझं मनगट धरलं.

"नको सांगूस. बघू या, आधी कोण विचारतं ते."

"हा काय पोरखेळ आहे?"

"एकच आठवडा, एल्वा. फार तर दोन."

ती हसत होती. मलाही वाटलं, दोन आठवडे तर दोन आठवडे, चांगले तोंडावर पडतील. ते पडले नाहीत. जुलै गेला, ऑगस्ट गेला. हॅलोवीनला ती पोरांना गोळ्या वाटत माझ्या पायरीवर बसली होती. नाताळात दोघांच्याही भेटी स्टुडिओच्या पत्त्यावर आल्या. दोन्हींवर जवळजवळ एकच चिठ्ठी: तिकडे मजा कर. ती शेल्बीनं दोनदा वाचली आणि दोन्ही चिठ्ठ्या माझ्या टाचण्यांच्या डब्यात ठेवून दिल्या. त्या दिवसापासून तिनं 'आधी कोण विचारतं' हे म्हणायचं सोडलं.

मी दर महिन्याला तिची मापं घेते, ते माझं कामच. त्या वर्षात ती साडेतीन इंच वाढली. अशी वाढणारी मुलगी चौदा महिने घरात नसते आणि घरातल्याला कळत नाही, हे मी मापाच्या वहीत लिहायचे आणि मलाच खरं वाटायचं नाही. रोज सकाळी ती माझ्या स्वयंपाकघरात टोस्ट खात असायची आणि रोज सकाळी मला नव्यानं धक्का बसायचा. दात काढायला नेलं ते मी. ताप आला तेव्हा बसले ती मी. शुक्रवारी मात्र ती दोघांच्या मिठीत जायची, आणि त्या मिठीतून माझ्याकडे बघायची.

वसंतात तिनं आईबापांपासून मोकळं व्हायचा अर्ज करायचं काढलं. आमच्या धंद्यात हे नवीन नाही. कायद्यानं सज्ञान ठरलेल्या पोराला मोठ्या माणसांइतके तास राबवता येतं, सेटवर शिक्षिका लागत नाही, पालक लागत नाही. त्यामुळे सगळ्यांनी तोच अर्थ काढला. निर्मात्यांनी फळांची टोपली पाठवली. डेल म्हणाला, "माझीच पोरगी शोभतेस." दोघांनीही दुसऱ्याच दिवशी सह्या करून कागद परत धाडले. दुसऱ्या पानावर चौकट होती, मुलगी सध्या कुठे राहते. त्यात माझा पत्ता लिहिलेला. सह्यांच्या जागी पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या, आणि ही माणसं जन्मभर तेवढ्याच चिठ्ठ्या वाचत आलेली.

"तुला खरंच रात्री दहापर्यंत काम करायचंय?" मी तिला विचारलं.

"काम गेलं खड्ड्यात. शुक्रवारी कुठं जायचं ते मला सकाळी माहीत असलं पाहिजे, एवढंच."

तिची वकील जून स्टॅडलर, तिशीतली, चष्मा डोक्यावर ठेवून शोधणारी. तिनं माझ्या बैठकीच्या खोलीत आम्हाला समजावलं. "मुलीचं वेगळं बिऱ्हाड आहे, ते तिच्या मर्जीचं आहे, आणि आईवडिलांची त्याला संमती आहे. निदान त्यांना माहीत होतं आणि त्यांनी हरकत घेतली नाही, एवढं कोर्टाला दिसायला हवं. ते दिसलं नाही तर अर्ज जातो, आणि शेल्बी पुन्हा एक आठवडा इकडे, एक तिकडे. शिवाय तुमच्यावरही बालंट येईल, एल्वा." मग तिनं विचारलं, "त्यांना माहीत आहे ना?"

मी पडद्याकडे बघितलं. शेल्बीनं नखं बघितली.

जूननं पेनला टोपण लावलं. "बरं. सह्या आहेत. मी काही विचारलं नाही, तुम्ही काही सांगितलं नाही."

तर असे आम्ही सगळे त्या सकाळी कोर्टात बसलो होतो, प्रत्येकानं एकेक गोष्ट दाताखाली धरलेली.

न्यायाधीश ताकेमोतो बाई बारीक चणीच्या होत्या. डेलनं आत येताच एक विनोद केला, त्यांनी तो संपेपर्यंत वाट पाहिली आणि म्हणाल्या, "बसा." त्यांनी त्याचा कार्यक्रम कधी पाहिला नसावा. डेलकडे पहिल्यांदाच कुणी नुसता माणूस म्हणून बघत होतं, त्यामुळे त्याला हात कुठं ठेवावे ते कळेना.

तरी तो बोलला छान. "आम्ही दोघांनी शांतपणे एकत्र बसून हा निर्णय घेतला." ते सात वर्षांत एका टेबलाला बसले नव्हते. कोरिनच्या डाव्या डोळ्यातून एक थेंब आला. कॅमेरा ज्या बाजूला असेल त्या डोळ्यातून तिला रडता येतं. इथं डावीकडे न्यायाधीश होत्या. शेल्बी माझ्या पुढच्या रांगेत ताठ बसली होती. मानेवरची लव तेवढी हलत होती.

"चांगलं आहे," न्यायाधीश म्हणाल्या. "मला एक साधी गोष्ट सांगा. शेल्बी सध्या राहते कुठं?"

डेलनं कोरिनच्या दिशेनं हात पसरला, अगदी फ्रिज दाखवावा तसा. "आईकडे."

त्याच क्षणी कोरिन म्हणाली, "तिच्या बाबांकडे."

न्यायाधीशांनी पान उलटलं आणि बर्बँकचा पत्ता मोठ्यानं वाचला. "तुमच्या दोघांच्या सह्या आहेत याच्यावर. हे कुणाचं घर?"

जून टेबलाकडे बघत होती. मी उभी राहिले.

"माझं."

कोरिन वळली. "एल्वाचं?" ती न्यायाधीशांना समजावून सांगायला लागली, "नाही, एल्वा कपडे बघते."

"किती दिवस राहते ती तुमच्याकडे?"

"चौदा महिने."

डेलच्या चेहऱ्यावर हसू तसंच राहिलं होतं, आतून माणूस निघून गेलेला. मग तो परत आला. "म्हणजे, हे बघा, आम्हाला अर्थातच कल्पना होती. एल्वा घरचीच आहे." त्याला माझं आडनावही माहीत नव्हतं. पण तेवढ्यात मला वाटून गेलं, बोल बाबा, खोटं तर खोटं, असाच बोलत राहा.

न्यायाधीश कोरिनकडे वळल्या. "तुम्हाला माहीत होतं, ती या बाईंकडे राहते ते?"

एक 'हो' पुरला असता. शेल्बी आईकडे बघत होती. समोरचा नट वाक्य विसरला की ती त्याला ओठांनी आठवण करून देते, मी दर शुक्रवारी पडद्यामागून बघते. आत्ता तिचे ओठ तसेच हलले. हो, म्हण आई. हो.

कोरिननं ते पाहिलं. तिचा हात स्कर्टच्या दुमडीकडे गेला. घाईत मी एक टाचणी काढायची विसरले होते. ती तिनं उपसली आणि चिमटीत धरून बसली.

"नाही," ती म्हणाली. "एल्वाकडे ते नव्हतं माहीत."

जूननं डोळे मिटले. शेल्बीची मान खाली गेली.

"म्हणजे चौदा महिने ती घरी नाही, हे तुमच्या लक्षातच आलं नाही?"

"लक्षात आलं होतं." हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. त्यात चढ नाही, उतार नाही. "सप्टेंबरात. डेलच्या बायकोनं फोन केला होता, जुळ्यांसाठी गाडीतल्या आसनाचं काहीतरी. शेवटी ती म्हणाली, शेल्बी कशी आहे, बऱ्याच दिवसांत आली नाही. तेव्हा कळलं की ती तिथंही नाही."

डेल तिच्याकडे बघतच राहिला.

"मग तुम्ही काय केलंत?"

"बरी आहे म्हणाले. फोन ठेवला." तिनं टाचणी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "शुक्रवारी दिसायची ना ती मला. धडधाकट दिसायची. कपडे धुतलेले असायचे, वेण्या घातलेल्या. कुणीतरी बघतंय तिच्याकडे, हे कळत होतं."

मी खाली बसले. ते कपडे मी धुतले होते, त्या वेण्या मी घातल्या होत्या. जूननं डोळे उघडले, पेनचं टोपण काढलं आणि भराभर लिहायला लागली. तिला हवं होतं तेच मिळालं होतं: माहीत होतं, हरकत घेतली नाही. शेल्बी मात्र मान वर करेना.

"तुम्ही तिला शोधलं का नाही, मिस व्हास्को?"

कोरिननं त्या सकाळी पहिल्यांदाच मुलीकडे बघितलं. दोन्ही डोळे कोरडे होते.

"ती घरी नव्हती," ती म्हणाली, "आणि मला बरं वाटत होतं."