पंचवीसला मागितलेला मेंढा

आमच्या अप्पांचा नियम सरळ. गिऱ्हाईक नाही तो धंदा नाही. त्यांनी मला सांगूनच टाकलं, "सपने, पंचवीस हजाराला एक चित्र खपव, मग जन्मभर रंगव. न्हाईतर एक तारखेपासनं कंपनीत." आता भोरच्या डोंगरातल्या धनगरवाडीत पंचवीस हजाराचं चित्र घ्यायला कोण रांग लावून उभं असणार? पण देव दयाळू! वेल्ह्याला फार्महाऊस बांधणारे पुण्याचे एक साहेब गाडी घेऊन थेट दारात आले.

चित्र आमच्या मेंढ्याचं. साहेबांनी ते बघितलं नाही, टेपनं मोजलं. सोफ्याच्या वर बरोब्बर मावतंय म्हणाले. "रंगाला खर्च किती आला? आठशे? मग तीन हजार घ्या. शिवाय माझ्याकडे मोठमोठी माणसं येतात, तुमचं नाव होईल." सोफेवाल्यालाही बिचाऱ्याला नावावरच भागवलं असणार!

मी तोंड उघडणार, तोच अप्पा पुढं सरसावले. उभा जन्म बाजारात मेंढरं विकण्यात गेलेला. जनावराची खोड गिऱ्हाइकापासून लपवायची नाही, हा त्यांचा धर्म.

"पंचवीस हजार," अप्पा म्हणाले. "आन् खोड आदीच सांगतो. मागचा डावा पाय आखूड हाय."

मेले मी! कुणी विचारलं होतं?

साहेब खूश. "पाय बिघडलाय ना? मग पाच."

"बिघडला न्हाई. त्यो तसाच हुता. लंगडत लंगडत समद्या कळपाच्या म्होरं चालायचा. पोरीनं जसाच्या तसा हुबा केलाय." बोलता बोलता अप्पांनी चित्रातल्या त्या पायावरून बोट फिरवलं. इतक्या वर्षांत त्यांनी माझं चित्र पहिल्यांदाच धड बघितलं. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

तासभर घासाघीस झाली. शेवटी साहेबच दमले. "बरं बाबा, पंचवीस. फक्त तेवढा पाय लांब करून द्या."

मी ब्रश उचललासुद्धा. अहो, चारी पाय लांब केले असते, वर पाचवा फुकट काढून दिला असता!

"न्हाई द्यायचा," म्हणत अप्पांनी चित्र बगलेत मारलं. "जावा तुमी."

साहेब गेले. आता मेंढा आमच्या टीव्हीच्या वर उभा आहे. येईल त्या पाहुण्याला अप्पा मिशीवर हात फिरवत सांगतात, "पंचवीसला मागितला, दिला न्हाई." पाहुणे वा वा करतात म्हणे. मी तिथं नसते. चित्र खपलं नाही, म्हणून एक तारखेपासून मी हायवेच्या कंपनीत खोक्यांना लेबलं चिकटवते.