उशीची थंड बाजू

चिमट्याच्या दोन पात्यांमध्ये वर्तमानपत्राची पट्टी अडकून राहिली होती, कडेला तांबूस झालेली, मधे कुठल्याशा टेंडरच्या नोटिशीची अर्धी ओळ — बाबारावनं ती ओढून काढली नाही. चिमटा तसाच तळहातावर घेऊन तो खाटेच्या कडेला बसून राहिला. केस कुरळे करायचा चिमटा, लोखंडाचा, लाकडी मुठीचा. कलावतीनं दुर्गच्या बाजारातून घासाघीस करून आणलेला. तो हीटरच्या तारेवर तापवायचा आणि कागद धरून पाहायचा, हे काम त्याचं. कागद करपला तर थांबायचं, नुसता पिवळसर झाला तर तिच्या हातात द्यायचा. ती आरशासमोर पाटावर बसलेली, कानाजवळची बट दोन बोटांत धरून, मान न हलवता विचारायची, "झाला का?" आणि तो म्हणायचा, "थांब." एवढंच बोलणं. दिवसभर पोलादाच्या मिलमध्ये तापलेल्या लोखंडाजवळ उभं राहून घरी पुन्हा तेच… पण या एका कामात ती त्याचं ऐकायची, आणि ते त्याला आवडायचं.

"बाबाराव, अत्तर आणलं का तू?" स्वयंपाकघरातून अंजनाबाईनं विचारलं. ही त्याची मोठी बहीण, श्राद्धासाठी गोंदियाहून आलेली.

"जातो आक्का."

"नवमी आज आहे बापा, उद्या नाई. लुगडं आहे, फणी आहे, आरसा आहे. तिच्या आवडीचं अत्तर तेवढं राह्यलं. इतके वर्स नांदली तुह्यापाशी, नाव त माहीत असन?"

तो खाटेवरून उठला. चिमटा ट्रंकेत ठेवला आणि सायकल काढली.

कलावतीला जाऊन वर्ष उलटलं होतं, ही तिची पहिलीच अविधवा नवमी. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईच्या नावानं सवाष्ण जेवू घालायची, तिची ओटी भरायची. सवाष्ण म्हणून वरच्या क्वार्टरमधली बेबीताई ठरली होती. कलावतीची मैत्रीण, रोज दुपारी दोघी एकमेकींपाशी बसायच्या. कलावतीची धाकटी बहीण विजयाही स्मृतीनगरहून येणार होती. आणि या सगळ्यांसमोर त्याला आपल्या बायकोचं अत्तर काढून ठेवायचं होतं, ज्याचं नाव त्याला ठाऊक नव्हतं. वास तर नव्हताच.

भिलाईत नोकरीला लागला त्या साली टायफॉइड झाला आणि त्या तापात नाकाची शक्ती गेली, ती परत आली नाही. हात गेला, पाय गेला तर लोकांना दिसतं. हे कोणाला काय सांगायचं? लग्नानंतर एकट्या कलावतीला सांगितलं. ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी गजरा माळून समोर आली आणि म्हणाली, "मोगरा आहे. कसा वास आहे सांगू? लांबून कोणी आपलं नाव घेऊन हाक मारते ना, तसा." मग ती सांगतच राहिली. तेलाचा सांगितला, चिमट्यानं तापलेल्या केसांचा सांगितला — "फुटाण्याच्या भट्टीवरून चाल्लो ना आपण, तसा." आणि बाहेर जाताना कानामागे अत्तराचं बोट लावायची त्याचा… "उशी उलटी केली की गालाले लागते ना? तसा." नाव तिनं सांगितलं नाही. त्यानंही विचारलं नाही. नाव घेऊन तो काय करणार होता!

पण ती गेल्यावर विजयानं कपाट उघडलं, लुगड्यांत तोंड खुपसलं आणि रडत म्हणाली, "ताईचा वास आहे अजून." दिवाळीला पुन्हा उघडलं. "गेला हो भाऊजी. वास गेला." दोन्ही वेळा तो दाराशी उभा होता. आहे म्हणाली तेव्हा त्याला काही आलं नव्हतं, गेला म्हणाली तेव्हा त्याचं काही गेलं नव्हतं. त्या दिवसापासून एक भीती आत बसली होती: कलावतीचा जो भाग खरा होता तो या बायकांनी पाहिला, आपल्यापर्यंत आलाच नाही. वीस वर्षं एका घरात राहून आपण बाहेरच्या खोलीत बसलेलो… आणि आज ते सगळ्यांना कळणार.

हुडको वसाहतीच्या बाजारात टिकारामचं मनिहारीचं दुकान होतं. बांगड्या, रिबिनी, वर काचेच्या फळीवर अत्तराच्या शिश्या.

"कौन सा दूँ, बाबूजी?"

"वो… ठंडा वाला."

"ठंडा त खस भी होथे, केवड़ा भी होथे. कइसन ठंडा?"

बाबारावनं इकडेतिकडे पाहिलं. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. "तकिया पलटते हैं ना," तो म्हणाला, "तो गाल को जैसा लगता है. वैसा."

टिकाराम त्याच्याकडे पाहत राहिला. "तकिया त बाजू के दुकान म मिलही, बाबूजी."

मग त्यानंच खसची शिशी काढली आणि बाबारावच्या मनगटावर बूच टेकवलं. बाबारावनं मनगट नाकाशी नेलं, लोक करतात तसे डोळे मिटले, मान हलवली. "हाँ. यही." खिशात शिशी घालून सायकलवर बसला तेव्हा त्याचे कान तापले होते. एखादी अनोळखी बाई कलावतीचं लुगडं नेसवून घरी न्यावी, तसं वाटत होतं.

जेवणं झाली. खीर, वडे, कढी. बेबीताईनं पोटभर खाल्लं. अंजनाबाई विधवा, तिला सवाष्णीची ओटी भरता येत नव्हती, म्हणून विजयानं कुंकू लावून ओटी भरली. मग बेबीताईनं शिशीचं बूच काढलं, आणि बाबाराव भिंतीला पाठ लावून उभा राहिला.

"हे त खस आहे," बेबीताई म्हणाली.

झालं, त्याला वाटलं.

"खस नाहीच," विजया म्हणाली. "ताई हिना लावायची. आमच्या बाबांचं तेच होतं."

"हिना? काहीच्या काही! रोज दुपारी माह्यापाशी बसे ते. केवडा होता. डोस्कं दुखे माहं, पण मी बोलली नाई कधी."

"ताईनं केवडा हातात धरला नसता, बेबीताई."

"तू दिवाळी-दसऱ्याले येणारी! मले शिकवतं?"

"अत्तर कायचं न् कायचं," अंजनाबाई मधेच म्हणाली. "तिच्या अंगाले त मेथीच्या फोडणीचा वास ये."

"आक्का, आजच्या दिवशी तरी!"

"मंग? वाईट थोडी म्हणून राह्यली? ते जवळून गेली की भूक लागे मले."

विजया हसली, मग तिचे डोळे भरले, मग ती पुन्हा हसली. "भाऊजी, तुम्हीच सांगा आता."

तिघी त्याच्याकडे वळल्या. "मले वास येत नाई," तो म्हणाला. "लग्नाच्या आधीपासून. काहीच येत नाई."

वर पंखा फिरत होता. बेबीताईनं त्याच्याकडे नीट पाहिलं. "मंग बाबारावजी, तुमी यात पडूच नका," ती म्हणाली, आणि विजयाकडे वळली. "आत्ता केवडा नव्हता म्हणतं त तूच सांग, संक्रांतीच्या हळदीकुंकवाले…"

एवढंच. जे तो इतकी वर्षं सांभाळत होता ते जमिनीवर पडलं आणि कोणी खाली वाकूनसुद्धा पाहिलं नाही. तो भिंतीशी हळूच खाली बसला. तिघी भांडत होत्या, धडधाकट नाकांच्या तिघी, आणि त्यांच्यात एकमत होत नव्हतं. विजयाची कलावती तिच्या बापासारखी होती, बेबीताईची डोकं दुखवणारी, आक्काची भूक लावणारी. आतली खोली म्हणून जी त्याला वाटत होती तिथे कोणीच गेलं नव्हतं. किंवा सगळेच आपापल्या दारानं जाऊन आले होते, तोही… त्याला एकदम थकल्यासारखं वाटलं, लांबलेली पाळी संपवून बूट काढल्यावर वाटतं तसं.

बायका उठल्या. बेबीताई ओटी सांभाळत निघाली, विजया तिला पोचवायला म्हणून जिन्यापर्यंत गेली आणि तिथेच दोघींचं पुन्हा सुरू झालं. मी, बाबाराव, खाटेवर आडवा झालो. डोळे मिटले. कलावती पाटावर बसलेली, मी तिच्या मागे, समोर आरसा. ती बट आधी कुठली घ्यायची, डावी की उजवी? आरशात उजवीकडची दिसते, ती खरी… मला सांगता येईना. काल हे झालं असतं तर मी ताडकन उठून जुने फोटो काढून बसलो असतो. डावी असेल. नसेल तर उजवी. जिन्यात बेबीताईचा आवाज चढला होता, आणि मी पडल्या पडल्या ऐकत होतो, यांचं आणखी थोडा वेळ चालू दे म्हणत.