दोन वर्षांचं नाक

मँकेटो गावच्या शाळेत एल्डन थोरसन उपमुख्याध्यापक होता, पण त्या वर्षी त्याचं खरं काम दारात उभं राहायचं होतं. रोज सकाळी मुलं आत शिरायची आणि एल्डन एकच शब्द उच्चारायचा, "नाक!" की मुलं मास्क वर ओढायची. चार पावलं पुढे गेली की मास्क पुन्हा खाली. मुलांनी त्याचं नाव नाकोबा ठेवलं होतं. एल्डनला ते ठाऊक होतं आणि मनातल्या मनात त्याला त्याचा थोडा अभिमानही होता. साथीच्या दिवसांत कुणीतरी नाकोबा व्हायलाच हवं, असं तो बायकोला, मार्गोला, सांगायचा.

त्याच्या डोक्याला सगळ्यात जास्त ताप होता तो सातवीतल्या कोल स्टॅडलरचा. जेवताना मास्क काढायला परवानगी आहे, हे कळल्यावर कोल गणिताच्या तासाला हातात गाजर घेऊन बसायला लागला. दिवसभर एकच गाजर. विचारलं की म्हणायचा, "खातोय, सर." एल्डनने त्याच्या आईला फोन लावला आणि आपल्या ठेवणीतल्या आवाजात सांगितलं, "हातात धरणं म्हणजे खाणं नव्हे, मिसेस स्टॅडलर. नियम सगळ्यांना सारखा असतो." मग मिसेस स्टॅडलर म्हणाल्या, "तुम्हाला लहान मूल आहे ना, थोरसन सर?" यात त्याचा काय संबंध, ते एल्डनला कळलं नाही. त्याने कोलला तीन दिवस घरी बसवलं.

मार्चच्या शेवटी सुट्टी लागली. मार्गोच्या आईचे, डोरीनचे, लशीचे दोन्ही डोस झाले होते. ती अ‍ॅरिझोनात मेसाला राहायची. नातवाला तिने वर्षभर फक्त फोनच्या काचेतून पाहिलं होतं. ओटोचा दुसरा वाढदिवस तिच्याकडेच करायचा असं ठरलं.

जाताना ओटो एक वर्षाचा होता, म्हणजे सरकारच्या लेखी निरुपद्रवी, मास्कची सक्ती नसलेला. त्याने विमानाची खिडकी चाटली. पट्ट्याचं बक्कल चाटलं. समोरच्या माणसाच्या टकलावर दोनदा सणसणीत शिंकला. हवाईसेविका म्हणाली, "अय्या, किती गोड!" टकलावाल्याने रुमालाने डोकं पुसलं आणि मास्क नाकावर नीट बसवला. नियम मोडला नव्हता, त्यामुळे एल्डनही निवांत होता.

वाढदिवस थाटात झाला. डोरीनने अंगणात लिंबाच्या झाडाखाली टेबल मांडलं, केक केला आणि आठवडाभर खपून नातवाला एक विद्या शिकवली. "ओटो किती वर्षांचा?" विचारलं की त्याने दोन बोटं वर करायची आणि ओरडायचं, "दोन!" पोराने ती इतकी झकास उचलली की तो झाडाला, कुत्र्याला, टपाल टाकायला आलेल्या बाईला, दिसेल त्याला बोटं दाखवत सुटला.

त्या रात्री भांडी पुसता पुसता मार्गोचा हात थांबला. "एल्डन, परतीच्या विमानात हा दोन वर्षांचा असणार."

"हो. म्हणून तर त्याला स्वतःची सीट घेतलीय."

"आणि मास्क?"

दोन वर्षं पूर्ण झाली की विमानात मास्क सक्तीचा होता. आठ महिने शाळेच्या दारात उभं राहून त्याने चारशे नाकं झाकली होती. हाताचं पाचवं बोट विसरावं तसं घरातलं हे नाक तो विसरला होता.

मग तालीम सुरू झाली. मार्गोने छोटे मास्क आणले; एकावर डायनोसॉर, एकावर ट्रॅक्टर. इंटरनेटवरच्या एका बाईंनी सांगितलं होतं, मास्कला आधी मुलाचा मित्र बनवा. ओटोने मास्कशी दोस्ती केली. त्याने तो कुत्र्याला घातला, टोपीसारखा डोक्यावर घेतला, त्यात दगड भरून गोफणीसारखा फिरवला, शेवटी चावून दोरी तोडली. नाकावर ठेवला की मात्र त्या मित्राचा गळा धरावा तसा ओरबाडून काढायचा.

एल्डनने शाळेतली पद्धत वापरली. ओटोसमोर उकिडवं बसून त्याने विचारलं, "ओटो, आपण सगळे एकमेकांची काळजी घेतो की नाही?"

"नको," ओटो म्हणाला.

"असं करा," डोरीन खुर्चीतून म्हणाली, "विमानाच्या दारावर विचारलं तर सांगा एक वर्षाचा आहे. दिसतोही बारीकच."

"म्हणजे खोटं बोलायचं?"

"खोटं कुठलं? परवापर्यंत खरंच होतं ते. शिळं झालंय, इतकंच."

"तिकिटावर जन्मतारीख आहे, डोरीन."

"ती कोण वाचतंय, जावईबापू? लोकांना एवढा उत्साह असता तर तुमची गरज कशाला पडली असती?"

मार्गो हसली. एल्डन हसला नाही. आपल्या घरात खोटं चालणार नाही, असं त्याने जाहीर केलं. सासू म्हणाली, "बरं बाई. नाकाने कांदे सोलायचे तर सोला. डोळ्यांत पाणी तुमच्याच येणार."

विमानतळावर रांग सरकत सरकत दारापाशी आली. तिथल्या मुलीने एल्डनच्या कडेवरच्या उघड्या तोंडाकडे पाहिलं. "बाळ किती वर्षांचं?"

खरं उत्तर एल्डनला ठाऊक होतं, तरी तो तिकिटं चाचपत राहिला. मार्गो पुढे झाली. "ए—"

"दोन!" ओटोने आरोळी ठोकली आणि मुलीच्या नाकासमोर दोन बोटं धरली. मागच्या दोन-चार जणांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

"वा! मग मास्क लागेल हं, राजा," ती मुलगी म्हणाली.

ट्रॅक्टरचा मास्क चढला. खिडकीबाहेर सामानाच्या गाड्या ओढणारा खराखुरा ट्रॅक्टर दिसत होता, त्या भरात मास्क विमानात शिरेपर्यंत टिकला. सीटवर बसल्यावर ट्रॅक्टर दिसेनासा झाला आणि मास्क जमिनीवर गेला.

बर्नाडेट नावाची हवाईसेविका आली. पन्नाशीची, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. "सर, बाळाचा मास्क."

"घालतोय." एल्डनने घातला. ओटोने काढला. मार्गोने घातला. ओटोने तो पुढच्या सीटवर भिरकावला.

"हे बघा," बर्नाडेट वाकून हळूच म्हणाली, "नियम मी केलेला नाही. माझी नात एवढीच आहे. पण मी दोनदा सांगायचं आणि तिसऱ्यांदा पुढे कळवायचं असतं. मागच्या आठवड्यात एक कुटुंब उतरवलं. आईबापांसकट. त्यांचं पोरगं झोपलेलं होतं हो."

विमान उडालं तेव्हा एल्डनने ओटोचे दोन्ही हात धरून ठेवले होते आणि ओटो आख्ख्या विमानाला ऐकू जाईल असा किंचाळत होता. मास्क नाकावर होता, ही एल्डनला त्यातल्या त्यात समाधानाची बाब वाटली. पण किंचाळून किंचाळून पोराचं तोंड लालबुंद झालं. एल्डनच्या नाकी नऊ आले. त्याने हात सोडले.

मार्गोने त्याला कोपर मारलं. "पलीकडे बघ."

पलीकडच्या सीटवर एक जाडजूड गृहस्थ बसले होते. मास्क हनुवटीला. हातात शेंगदाण्यांचं छोटं पाकीट. मिनिटभर विचार करून ते एक दाणा तोंडात टाकत, पुन्हा विचारात पडत. बर्नाडेट त्यांच्या शेजारून तीनदा गेली आणि काही बोलली नाही.

"खाणाऱ्याला मास्क लागत नाही," मार्गो म्हणाली.

"ती पळवाट आहे, मार्गो."

"मग पळ ना!"

एल्डनने पिशवीतून डबा काढला. त्यात न्याहारीला दुधात घालतात त्या धान्याच्या बारीक गोल कड्या होत्या. त्याने एक कडी ओटोच्या तोंडात ठेवली. किंचाळणं थांबलं. दुसरी ठेवली. मागचे लोक सुस्कारे टाकताना ऐकू आले. एल्डन एकेक कडी देत राहिला, जमेल तेवढी सावकाश. शेंगदाणेवाले गृहस्थ त्याच्याकडे पाहून मान हलवत होते, जणू एकाच पंथाचे दोघे. एल्डनने नजर वळवली.

न्यू मेक्सिको गेलं, कोलोरॅडोचे डोंगर गेले. ओटोचं पोट भरलं. त्याने तोंड घट्ट मिटलं आणि पुढची कडी हातात घेऊन तो ती उलटसुलट बघत बसला. नेमकी तेव्हाच बर्नाडेट आली. "खातोय ना तो, सर?"

एल्डनने मुलाकडे पाहिलं, कडीकडे पाहिलं. "खातोय," तो म्हणाला.

"हातात धरणं म्हणजे खाणं नव्हे, थोरसन सर."

आवाज मागच्या रांगेतून आला होता. एल्डनने वळून पाहिलं. उन्हाने तांबूस झालेल्या मिसेस स्टॅडलर बसल्या होत्या आणि त्यांच्या शेजारी कोल. कोलचा मास्क नाकावर इतका व्यवस्थित बसला होता की शाळेच्या भिंतीवर त्याचं चित्र लावावं. सुट्टीत अर्धं मँकेटो अ‍ॅरिझोनात जातं, आणि गेलेलं सगळं कधीतरी परत येतंच, हे एल्डनने लक्षात घ्यायला हवं होतं.

"मिसेस स्टॅडलर," तो म्हणाला. त्याचे कान तापले होते. "हे जरा वेगळं प्रकरण आहे."

"कसं? गाजर मोठं होतं म्हणून?"

"कोल तेरा वर्षांचा आहे. त्याला समजतं."

"म्हणजे नियम सगळ्यांना सारखा नसतो?"

"सर," बर्नाडेट दमल्या आवाजात म्हणाली, "मला एवढंच सांगा. बाळ खातंय की नाही?"

आख्खी रांग उत्तराची वाट पाहू लागली. मार्गोही. एल्डनने तोंड उघडलं, पण त्याच्याआधी ओटोने प्रश्न निकालात काढला. त्याने हातातली कडी उचलली आणि डाव्या नाकपुडीत आत, अगदी आत, ढकलली.

"आता खातोय," मिसेस स्टॅडलर म्हणाल्या. "रस्ता तेवढा वेगळा आहे."

ओटोने बोट घालून कडी काढायला पाहिलं, ती आणखी आत गेली. मग त्याचा चेहरा आक्रसला आणि तो रडायला लागला. मघाचं हट्टाचं रडणं नव्हे, घाबरलेलं. मास्क, नियम, मागची रांग, सगळं त्याच्या डोक्यातून क्षणात गेलं.

"मटार नाकात घातला होता तेव्हा डॉक्टरांनी काय सांगितलं होतं आठवतंय?" मार्गो ओटोला मांडीवर घेत म्हणाली. "मोकळी नाकपुडी दाबायची आणि तोंडात जोरात फुंकायचं. मी धरते. तू फुंक."

"इथे?"

"मग काय मँकेटोला जाऊन?"

एल्डन थोरसनने आपला मास्क ओढून काढला. विमानात, दीडशे माणसांसमोर, ऐन साथीत. त्याने मुलाची नाकपुडी दाबली, ओठांवर ओठ टेकवले आणि फुंकर मारली. काही नाही. पुन्हा मारली. तिसऱ्या फुंकरीला कडी बंदुकीच्या गोळीसारखी सुटली, पाठोपाठ बरंच काही सुटलं, आणि कडी मधली वाट ओलांडून थेट शेंगदाण्यांच्या पाकिटात पडली.

गृहस्थ पाकिटात डोकावून पाहत राहिले. मग त्यांनी पाकीट दुमडलं, समोरच्या खिशात ठेवलं आणि मास्क डोळ्यांपर्यंत वर चढवला. विमान मिनियापोलिसला उतरेपर्यंत त्यांनी तो खाली केला नाही. एका दोन वर्षांच्या मुलाने जे करून दाखवलं ते केंद्र सरकारला जमलं नव्हतं.

कुणीतरी हसलं आणि मग सगळी रांग हसली. बर्नाडेटने एल्डनकडे पाहून स्वतःच्या नाकाला बोट लावलं. त्याने घाईघाईने मास्क वर घेतला.

दमलेला ओटो आईच्या कुशीत शिरला आणि तिच्या जाड स्वेटरमध्ये तोंड खुपसून झोपी गेला. बर्नाडेट पुन्हा एकदा आली. खाली वाकून तिने या बाजूने पाहिलं, त्या बाजूने पाहिलं. लोकरीखेरीज काही दिसत नव्हतं. "नाक झाकलेलं आहे, तोंड झाकलेलं आहे," ती म्हणाली. "कापड कुठलं असावं ते मला कुणी सांगितलेलं नाही." आणि ती पुढे गेली.

उतरताना सगळे वाटेत खोळंबले होते. मिसेस स्टॅडलर एल्डनच्या अगदी मागे उभ्या होत्या. त्यांनी झोपलेल्या ओटोची पाठ थोपटली. "बरंय ना आता पोर?"

"हो. बरंय." एल्डनला आणखी काहीतरी बोलायचं होतं. "जेवणाची सुट्टी थोडी वाढवता येईल का, ते मी समितीपुढे मांडणार आहे," तो म्हणाला.

"मांडा," त्या म्हणाल्या आणि वरून आपली बॅग काढू लागल्या.

गाडीत बसल्यावर मार्गो म्हणाली, "जेवणाची सुट्टी? एल्डन, साधं 'चुकलं' म्हणायला काय झालं होतं?"

"विमानात? सगळ्यांसमोर?"

"तिच्या पोराला तू कुठे बसवलं होतंस? सगळ्यांसमोरून उठवून घरीच ना?"

रस्त्याच्या कडेला काळपट बर्फ अजून शिल्लक होता. एल्डन तो बघत मँकेटोपर्यंत गाडी चालवत राहिला. मार्गोने त्याला पुन्हा डिवचलं नाही.

सोमवारी शाळा भरायच्या आधी त्याने आपल्या खोलीचं दार लावून घेतलं आणि स्टॅडलरांच्या घरी फोन केला. कोलला घरी बसवलं ते चुकलं, त्याला बोलावून नीट विचारायला हवं होतं, तीन दिवसांचा तो शेरा आपण आजच काढून टाकतो, असं सगळं त्याने एका दमात सांगून टाकलं.

"थोरसन सर," मिसेस स्टॅडलर म्हणाल्या, "एक मिनिट थांबा हं. फोन स्पीकरवर टाकते. कोलचे बाबाही इथेच आहेत, त्यांनाही ऐकायचंय."

खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. एल्डनने घसा साफ केला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.