घाटेबाबांचा हिरवा तुकडा

बोरी बुद्रुकला त्या रविवारी गाडी लावायला जागा नव्हती. सगळी गर्दी जमली होती दहा गुंठे हरभऱ्याभोवती. आजूबाजूच्या रानांत मर रोगानं हरभरा पिवळा पडून वाळला होता आणि मधोमध घाटेबाबांचा तुकडा हिरवागार उभा होता. लोक बांधावर डोकं टेकत होते.

"ये माँ का चमत्कार है!" बाबा गरजले. चहात साखर कमी पडली की बाबा अस्सल मराठीत बोलायचे. चमत्काराची भाषा मात्र त्यांनी टीव्हीवरून उचलली होती.

आमच्या निमगाव सावाचा सावळेराम पुढं झाला. "महाराज, दोन वर्सं आमचा हरभरा उभ्या उभ्या मरतोय."

बाबांनी डोळे मिटले. "घरच्या बाईचा पाय वाईट हाय. तिला रानात येऊ देऊ नको. आन् बियाला हा अंगारा चोळ." वर प्रसाद म्हणून आपल्या तुकड्यातला हरभऱ्याचा हिरवा डहाळा दिला.

ती बाई म्हणजे लंकाबाई, सावळेरामची बायको. बावीस वर्षं त्या रानाची खुरपणी तिनंच केलेली. दुसऱ्या दिवशी सावळेरामनं तिला बांधावरच अडवलं. ती तडक शाळेत आली. मी तिथं विज्ञान शिकवतो. तिच्या हातात तो प्रसादाचा डहाळा होता.

"सर, आपला हरभरा जमिनीसरशी पसरतो. ह्यो उभट वाढलाय. निरगुडसरला माझ्या भावानं ह्येच पेरलंय, राहुरीच्या विद्यापीठाचं सुधारित बी. त्याला मर सहसा लागत न्हाई."

"मग बाबांना विचारू," मी म्हणालो.

बाबांना शाळेत बोलावलं. नवे भक्त मिळणार म्हणून ते लगबगीनं आले. गावासमोर तीन डब्यांत सावळेरामच्या रानातली, हरभरा मेला होता तिथलीच माती भरली. पहिल्यात गावठी बी, बाबांनी स्वतःच्या हातानं अंगारा चोळलेलं. दुसऱ्यात तेच बी, बिनअंगाऱ्याचं. तिसऱ्यात लंकाबाईच्या भावाचं बी.

"ह्या तिसऱ्याच्या मातीला मी रोज पाय लावणार," लंकाबाई म्हणाली. "वाईट पाय हाय ना माझा?"

बाबांना नाही म्हणता येईना.

पाच आठवडे ती रोज आली. पायाचा अंगठा मातीला टेकवायची, बाबांच्या नावानं दोन शब्द पुटपुटायची आणि जायची. ते शब्द इथं लिहिण्यासारखे नाहीत.

अंगाऱ्याच्या डब्यानं सगळ्यांत आधी मान टाकली. चार दिवसांनी बिनअंगाऱ्याचाही गेला. तिसरा ताठ उभा. पाच आठवडे भरले तेव्हा बाबांसकट सगळा गाव पुन्हा शाळेत जमला.

"इस गाँव में श्रद्धा की कमी है!" बाबा म्हणाले.

मी अंगाऱ्याचं वाळलेलं रोप उपटलं आणि ब्लेडनं मुळापासून उभं चिरलं. आत काळी रेघ होती. "ही बुरशी. मातीत राहते, मुळातून आत शिरते आणि झाडाचं पाणी तोडते. तिला बाईचा पाय कळत नाही आणि बाबांचा अंगाराही."

तेवढ्यात ट्रॅक्टरवाला दादाभाऊ पुढं आला. "म्हाराजांचा तुकडा मीच पेरला व्हता. सीलबंद पिशवीतलं राहुरीचं बी व्हतं. बोलू नको म्हणून देवीची शपथ घातली व्हती मला."

गर्दीतून कुणीतरी हसलं, मग सगळेच. बाबा कधी निघून गेले कुणाला कळलं नाही.

सावळेराम खाली बघत पुटपुटला, "लंका, चुकलं माझं."

"मला रानातनं हाकललं तवा आवाज मोठा व्हता तुमचा. आताबी तेवढ्याच आवाजात म्हणा."

तो म्हणाला. सगळ्यांना ऐकू गेलं.

यंदा गावात बऱ्याच जणांनी बी बदललं. तरी चौघांनी मला विचारलंच, "सर, नव्या बियाला अंगारा चोळला तर डबल पीक येईल का?"

त्यांना सांगितलं ते सगळ्यांनाच सांगतो. माझ्यावरही विश्वास ठेवू नका. दोन ओळी नव्या बियाच्या पेरा, शेजारी दोन जुन्या पेरा आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघा. पीक वाळलं तर रोप उपटून मूळ चिरा, त्यात काय दिसतं ते बघा. घरातल्या बाईला बोल लावायला अक्कल लागत नाही; मूळ चिरून बघायला थोडी लागते, आणि तेवढी आपल्या प्रत्येकाकडं आहे.