शहात्तर मिनिटांचं बेट

विमानतळाच्या मार्ग-नियोजन कक्षात तिला सगळे फूटपट्टी म्हणत. संगणक आला तरी नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजल्याशिवाय तिचं समाधान होत नसे. अकरा वर्षं ती शहरातून समुद्रातल्या बेटावर जाणाऱ्यांना वाट आखून देत होती. स्वतः मात्र कधी बेटावर गेली नव्हती.

त्या दिवशी साडेचारला बेटावरच्या डॉक्टरांचा फोन आला. बोटींची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या एका बाईचा पाय यंत्रात सापडला होता. रक्तगट दुर्मिळ. बेटावर त्याची एकही पिशवी नव्हती, शहरात चार होत्या. बोटीला चौदा तास लागत. विमान होतं, पण बेटाच्या धावपट्टीवर दिवे नव्हते आणि सूर्य सहा वीसला मावळणार होता.

साहेबांनी बोटांवर हिशेब केला. "चारशे वीस किलोमीटर. ताशी तीनशेने चौऱ्याऐंशी मिनिटं, चढ-उताराची सहा. म्हणजे दीड तास. पाचला निघालं तरी साडेसहा. नाही जमायचं. डॉक्टरांना कळव."

त्यांनी फोन तिच्याकडे सरकवला.

फूटपट्टीने फोनला हात लावला नाही. तिची नजर भिंतीवरच्या फळ्यावर खिळली होती. तेच विमान मघाशी बेटावरून वीस मिनिटं उशिरा आलं होतं, आणि त्यावरून कॅप्टनबाईंना चार गोष्टी ऐकून घ्याव्या लागल्या होत्या. त्या कोपऱ्यात फुरंगटून चहा पीत बसल्या होत्या.

"कॅप्टनबाई, उशीर कशाने झाला?"

"समोरून वारा होता. दहा हजार फुटांवर ताशी साठेक किलोमीटर. सांगून थकले, पण ऐकतंय कोण?"

"मी ऐकतेय. तोच वारा जाताना पाठीशी असेल ना?"

कॅप्टनबाईंनी कप खाली ठेवला.

फूटपट्टीने कागद ओढला. तीनशेचे तीनशे साठ. चारशे वीसला सत्तर मिनिटं, वर सहा. "शहात्तर. सहा सोळाला चाकं टेकतील."

"आणि वारा पडला तर?" साहेब म्हणाले.

"पाच चाळीसपर्यंत अर्धी वाट सरली नाही, तर मागे फिरायचं. इथे दिवे आहेत, आणि परतीचं इंधन भरूनच पाठवू."

साहेबांनी कागद दोनदा वाचला आणि सही केली.

पाचच्या ठोक्याला चारही पिशव्या घेऊन कॅप्टनबाईंचं विमान उडालं. फूटपट्टी रेडिओपाशी जी बसली, ती हललीच नाही. पाच एकोणचाळीसला खरखरत आवाज आला, "अर्धं अंतर कापलं. वारा पाठीशी आहे. पुढे जातेय."

त्यानंतरची मिनिटं मुंगीच्या पावलांनी गेली. सहा वाजले. सहा दहा. साहेब खिडकीकडे पाठ करून उभे होते. त्यांना मावळतीकडे बघवत नव्हतं.

"टेकलो," कॅप्टनबाई म्हणाल्या. "सहा सोळा. डॉक्टर पिशव्या घेऊन धावत सुटलेत."

कक्षात एकच गलका उठला. एरवी कुणाशी न बोलणारा हवामानवाला टेबल बडवत होता. साहेबांनी नोंदवही तिच्यापुढे सरकवली. "शहर ते बेट. आजवरचा सगळ्यात कमी वेळ. तुझ्याच अक्षरात लिही."

तिने ठसठशीत आकडे काढले.

साडेसातला डॉक्टरांचा फोन आला. बाईची नाडी सुधारली होती, पायही वाचणार होता. शुद्धीवर येताच तिने इंजिन कुणी उघडं टाकलं म्हणून मदतनिसाला झापलं होतं.

फूटपट्टी पोट धरून हसली. मग तिने घरी फोन लावला आणि नवऱ्याला म्हणाली, "अहो, भात जास्त टाका. सकाळपासून पोटात काही नाही, आणि सांगायला पुष्कळ आहे."